मागची दोन चाके

नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका मळ्यात, विहिरीच्या थारोळ्याशेजारी, बाभळीच्या विरळ सावलीत, जनावरांचा हौद म्हणून जी एक लोखंडी पेटी वर्षानुवर्षे पाणी धरून उभी होती, तिच्याकडे माझे लक्ष गेले ते तिच्या चाकांमुळे. हौदाला चाके कशाला, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिना. म्हणून वाकून पाहिले, तो अर्धी चाके काळ्या मातीत रुतलेली, पुढची त्रिकोणी दांडी दगडावर टेकवलेली, आणि त्या दांडीच्या नाकाशी अंगठ्याहून जाड असे एक पोलादी कडे. बाकीचे सारे अंग गंजून गेले होते, तरी त्या कड्याची आतली एक बाजू मात्र झिजून झिजून गुळगुळीत झालेली होती. मळ्याच्या मालकांनी सांगितले की त्यांच्या आजोबांनी ही ‘पलटणीची गाडी’ लिलावात घेतली, तिच्यातून कैक वर्षे ऊस आणि शेणखत वाहिले, आणि ओढणारी जीप मोडीत निघाल्यावर तिला विहिरीशी आणून उभी केली. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून ज्या पेटीचे सांधे कारखान्यात घट्ट केले गेले होते, त्याच सांध्यांच्या बळावर ती आता आतले पाणी धरून होती, हे मला मागाहून उमगले. त्या दिवशी एवढेच ओळखले की दुसऱ्या महायुद्धात जीपच्या मागे जोडली जाणारी पाव टनी ट्रेलरगाडी ती हीच, आणि ती पुन्हा रस्त्याने चालली पाहिजे.

गाडी घरी आणल्यावर पहिले आठ दिवस तिला खरवडण्यातच गेले. पेशवे दप्तराचा एखादा रुमाल सोडून आतील कागद एकामागून एक उलगडताना जे कुतूहल जागे होते, त्याच कुतूहलाने मी रंगाचे थर उतरवीत होतो. सर्वांत वर मळेकऱ्याने हौसेने दिलेला आकाशी निळा, त्याखाली काव, त्याखाली आपल्याकडील लष्करी गाड्यांना असतो तसा गडद हिरवा, आणि अगदी तळाशी, पत्र्याला चिकटून, तो मळकट शेवाळी रंग, ज्याला अमेरिकन सैन्यात ऑलिव्ह ड्रॅब म्हणत. एक सैन्य, दुसरे सैन्य, मग काव मारून उन्हात काढलेले दिवस, आणि शेवटी शेत, असा सारा जीवनक्रम नखाएवढ्या जाडीत सामावलेला होता. पुढच्या अंगाला रिव्हेट मारून जडवलेली एक लहान पाटी होती. तिच्यावरचा रंग रॉकेलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसून काढला, तेव्हा अक्षरे वर आली: अमेरिकन बँटम कार कंपनी, बटलर, पेनसिल्व्हेनिया.

ज्यांना जीपच्या जन्माची हकिकत ठाऊक आहे त्यांना हे नाव वाचून चटका लागल्याशिवाय राहणार नाही. बटलर या छोट्या गावातील ही कंपनी ब्रिटिश ऑस्टिन सेव्हन गाडीच्या परवान्यावर लहान मोटारी बनविण्यासाठी प्रथम निघाली, दिवाळ्यात गेली, नव्या नावाने पुन्हा उभी राहिली, आणि 1940 च्या उन्हाळ्यात पुन्हा बंद पडण्याच्या बेतात होती. त्या जुलै महिन्यात अमेरिकन लष्कराने एका हलक्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या टेहळणी गाडीसाठी 135 कारखान्यांना विचारणा केली. पहिला नमुना अवघ्या 49 दिवसांत हवा, ही अट वाचूनच बहुतेकांनी हात वर केले. बँटमने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला पाचारण केले. त्याने काही थोड्या दिवसांत आराखडे काढले. आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी, मुदत संपावयास अर्धा तास उरला असताना, नमुन्याची गाडी बटलरपासून स्वतःच्या चाकांनी चालत बाल्टिमोरजवळच्या कँप होलाबर्ड येथे हजर झाली. जगभर पुढे ‘जीप’ म्हणून जिचा दबदबा झाला, त्या गाडीचा हा मूळपुरुष.

परंतु लष्कराला लाखांनी गाड्या हव्या होत्या आणि बँटमचा कारखाना लहान होता. बँटमचे आराखडे विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या मातबर कारखान्यांना दाखविण्यात आले. प्रमाणित नमुन्याचे मोठे कंत्राट विलीसकडे गेले, फोर्डही त्यात सामील झाला, आणि त्या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. बँटमच्या हातून तीन हजारही गाड्या बाहेर पडल्या नाहीत. त्यांतल्याही पुष्कळशा ब्रिटन व रशिया या दोस्तराष्ट्रांकडे रवाना झाल्या. मग त्या कारखान्याला काम देण्यात आले ते जीपच्या मागे लावावयाच्या ट्रेलरांचे. टी-3 या नावाची ही गाडी बँटमने सत्तर हजारांहून अधिक संख्येने बनविली. जवळजवळ तशीच दुसरी विलीसने स्वतःच्या नावाने काढली. ज्याने घोडा घडविला त्याच्या वाट्याला इतरांच्या घोड्यामागचा गाडा बांधण्याचे काम यावे, यातला अन्याय मला आजही बोचतो. तथापि गाडा बांधताना त्या कारागिरांनी हात आखडता घेतलेला नाही, हे मी गाडीचा प्रत्येक नट हाताळून सांगतो आहे. ज्या कारखान्याची कल्पना दुसऱ्यांनी नेली, त्याची कसबी बुद्धी या मागच्या दोन चाकांत जशीच्या तशी शाबूत राहिली आहे. आणि तिचा मागोवा घ्यावयाचा तर ग्रंथांपेक्षा पान्हा अधिक उपयोगी पडतो.

या गाडीची रचना आपल्या बैलगाडीच्या परिभाषेत सांगितली तर अधिक लवकर कळेल, कारण दोहोंपुढील प्रश्न एकच आहेत. बैलगाडीचे शहाणपण चाकोरीत आहे: मागून येणाऱ्या गाडीच्या चाकांमधील अंतर पुढच्या गाडीइतकेच असेल तर ती तयार झालेल्या चाकोरीतून निर्वेध जाते, आणि बोटभर फरक पडला तरी एक चाक चाकोरीत व दुसरे वरंब्यावर चढून कणा मोडतो. बँटमने ट्रेलरच्या चाकांतील अंतर जीपच्या चाकांइतकेच ठेवले. चाकेही तीच, 6.00-16 मापाची, म्हणजे जीपचे चाक ट्रेलरला आणि ट्रेलरचे चाक जीपला बिनदिक्कत बसावे. रानात जीपची जादा चाके संपली तर ट्रेलर सोडून त्याची चाके काढून घ्यावीत आणि पुढे जावे, हा त्यामागील हिशेब. गाडीचा साटा म्हणजे सुमारे सहा फूट लांबीची लोखंडी टबासारखी पेटी, सर्व बाजूंनी बंद, मागे उघडणारे दार नाही. कारण दार ठेवले की फट आली, आणि फट आली की नदी ओलांडताना पाणी आत आले. सामानासकट ही पेटी पाण्यावर तरंगावी अशी योजना होती, आणि चुकून आत शिरलेले पाणी काढून टाकण्यासाठी तळाला झडपा बसविलेल्या होत्या. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे 550 पौंड. विहित भार आडरानात 500 पौंड. युद्ध संपल्यावर बँटमने हीच गाडी शेतकऱ्यांसाठी काढली तेव्हा तिला मागे फळी दिली. शेतकऱ्याला नदी पोहून जावयाचे नसते; त्याला खत ओढून काढावयाचे असते.

दांडीच्या नाकावरील त्या कड्याचा वंश मात्र मोटारीहून फार जुना आहे. त्याला इंग्रजीत ल्यूनेट म्हणतात. शब्द मुळात फ्रेंच, अर्थ ‘छोटा चंद्र’. आणि तो आला आहे तोफखान्याच्या भाषेतून. तोफेचा गाडा दोन चाकांचा. रणात ती चाके आणि मागे जमिनीला टेकलेले शेपूट, यांवर तोफ उभी राहते. कूच करताना मात्र ते शेपूट उचलून दुसऱ्या एका दुचाकी गाड्याला अडकवावे लागते, ज्याला पुढे घोडे वा बैल जुंपलेले असतात. अठराव्या शतकातील युरोपीय तोफखान्याची चपळाई बऱ्याच अंशी या जोडणीच्या सुधारणेत होती: तोफ डागून झाली की शेपूट उचलले, जोडणी झाली, निघाले. आपल्याकडे पानसे घराण्याच्या हाताखालील पेशव्यांचा तोफखाना संख्येने व आवाजाने दरारा बसविणारा होता, परंतु जड तोफा, त्यांना ओढणाऱ्या बैलांच्या लांबच लांब रांगा आणि पावसाळ्यातील काळी जमीन यांमुळे तो लष्कराच्या मागे मागे पडे, ही तक्रार जुनीच आहे. 1803 साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दख्खनमध्ये उतरला तेव्हा म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांचे महत्त्व त्याने पुरते ओळखलेले होते. इतिहासाने त्याच वर्षीच्या असईच्या लढाईतील तोफा मोजल्या; तोफा जेथे हव्यात तेथे, हव्या त्या वेळी नेणारे बैल, दांड्या आणि कड्या मात्र मोजल्या नाहीत. माझ्या मते त्या मोजावयास हव्या होत्या.

जीपच्या मागचा आकडा आणि ट्रेलरचे कडे ही त्या तोफजोडणीचीच संतती होय. ज्या आकड्याला हलकी तोफ लागे त्याच आकड्याला ट्रेलर लागे, आणि यामुळेच एका चिमुकल्या गाडीच्या मागे दारूगोळा, जखमींसाठी औषधे, तारायंत्राचे भेंडोळे किंवा पाण्याची पिंपे यांपैकी वाटेल ते बांधून तिला वाटेल त्या वाटेने पाठविता येऊ लागले. नॉर्मंडी आणि आर्नहेम येथे 1944 साली ग्लायडर विमानांच्या पोटातून जीपबरोबर ट्रेलरही उतरविले गेले. ईशान्येकडे लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनमधील कुनमिंगपर्यंत 1,079 मैलांचा जो रस्ता डोंगर फोडून काढण्यात आला, त्यावरून पहिला काफिला 12 जानेवारी 1945 रोजी निघाला आणि 4 फेब्रुवारीला मुक्कामी पोहोचला. त्या मार्गावरील चिखल आणि चढण यांपुढे मोठे ट्रक हतबल होत तेथे जीप आणि तिची मागची गाडी यांची सरशी होई. इटलीच्या डोंगरांत तर ही मालवाहतूक महाराष्ट्राच्या अगदी जवळची ठरते. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या दोघा जवानांना इटलीतील लढायांत, अनुक्रमे 1944 आणि 1945 साली, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा लढवय्यांपर्यंत गोळी आणि भाकरी पोहोचविण्याचा मार्ग ट्रक, जीप आणि शेवटी खेचर अशा तीन टप्प्यांचा असे. शौर्याच्या कथा सांगताना आपण शेवटचे शंभर यार्ड सांगतो. त्यामागच्या मैलांचे ऋण सांगावयाचे राहून जाते.

युद्ध संपले आणि हिंदुस्थानात साचून राहिलेल्या लष्करी मालाचे करावयाचे काय, हा प्रश्न आला. 16 मे 1946 रोजी अमेरिका व हिंदुस्थान सरकार यांच्यात उसनवारी, देवाणघेवाण आणि शिल्लक युद्धसामग्री यांचा हिशेब मिटविणारा करार झाला. आणि मग जीप, ट्रक, तंबू, पिंपे, तारा असा जिन्नसवार माल विक्रीला निघू लागला. बंगालमधील पानागढ येथे अमेरिकनांचा मोठा तळ होता. जुन्या लष्करी गाड्यांच्या बाजाराशी त्या गावाचे नाव आजही जोडलेले आहे. मुंबईत 1947 साली महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि त्यामुळे जीपचे सुटे भाग तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. ही गोष्ट माझ्यासारख्याला आज उपकारक ठरते, कारण ट्रेलरची चाके जीपचीच असल्याने पंच्याहत्तर वर्षांनंतरही तिला टायर मिळतो. नगर हे तर जुने छावणीचे शहर. 1948 पासून चिलखती दलाचे केंद्र येथे आहे. रणगाड्यांचे संग्रहालय आहे. येथील फिटर, टर्नर आणि लोहार यांच्या हातांना लष्करी लोखंडाची ओळख पिढीजात आहे. संग्रहालयात रणगाडे दिमाखाने उभे असलेले पाहिले की आनंद होतो. पण त्यांच्या मागून पाणी वाहून नेणाऱ्या गाडीलाही तेथे चार हात जागा असावी, असे मला दर वेळी वाटते.

दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडे गाडी नेली ते वस्ताद सत्तरी ओलांडलेले, वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दांडीजवळ उकिडवे बसून कड्यावर दोन बोटे फिरविली आणि म्हणाले, ‘‘रंगाचं नंतर बघू, साहेब. ही सुटली तर मागच्या माणसाचं काय, ते आधी बघू.’’ या एका वाक्याने आमच्या कामाचा क्रम कायमचा ठरून गेला. आजकाल जुन्या लष्करी गाड्यांची हौस वाढली आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु अचूक छटेचा रंग, पांढरा तारा आणि ताडपत्रीच्या दोऱ्या यांवर महिने घालवून ज्याच्यावर सारा भार लोंबकळतो त्या कड्याकडे कोणी पाहत नाही, असे पुष्कळदा दिसते.

पहिलाच अपघात व्हावयाचा तो चाक काढताना टळला. आमच्या गाडीची चाके युद्धकाळी निघालेल्या दुभंग धाटणीची होती. म्हणजे लोखंडी रिम दोन अर्धकांची, आणि ती अर्धके वर्तुळाकार बसविलेल्या नटांनी एकमेकांना आवळलेली. टायर फाटला तरी गाडी काही अंतर चालावी यासाठी ही योजना. या चाकावर नटांची दोन वर्तुळे असतात: आतले वर्तुळ चाक हबला धरते, बाहेरचे दोन अर्धकांना. वस्तादांच्या हाताखालच्या मुलाने भराभर पान्हा लावला तो बाहेरच्या वर्तुळातील नटाला, आणि डाव्या टायरमध्ये थोडी हवा अजून शिल्लक होती. वस्ताद तिकडून ओरडले नाहीत. चार पावलांत येऊन त्यांनी मुलाचा हात पान्ह्यासकट धरला आणि बाजूला केला. मग त्याला जवळ बसवून हवेची नळी दाखविली, तिच्यातील सुई काढून हवा पूर्ण सोडली, आणि सांगितले की हवा असताना हे नट सैल झाले तर रिमचे अर्धे ताट तोफेच्या गोळ्यासारखे तोंडावर येते. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दिवशी बाहेरच्या वर्तुळातील प्रत्येक नटावर आम्ही तांबड्या रंगाचा ठिपका दिला आणि तो आजही तसाच ठेवला आहे.

हब उघडले तेव्हा आत जुने वंगण मेणासारखे घट्ट होऊन बसलेले होते. बैलगाडीवाल्याच्या साट्याखाली लोंबणारा वंगणाचा बांबूचा नळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आसाला वंगण म्हणजे काय हे सांगावयास नको. पण गाडी उभी राहिली म्हणजे वंगणाचे काम संपले, असा जो समज आहे तो खोटा. उभ्या गाडीच्या आत दमट हवा शिरते, आणि निमुळत्या रुळांचे बेअरिंग जेथे कित्येक वर्षे एकाच जागी टेकून राहते तेथे त्याच्या वाटीवर गंजाच्या बारीक रेघा उमटतात. रॉकेलमध्ये धुऊन उन्हात धरल्यावर त्या रेघा मला स्पष्ट दिसल्या: बरोबर रुळांइतक्याच अंतरावर, जणू विहिरीकाठच्या त्या दीर्घ मुक्कामाचा प्रत्येक दिवस तेथे कोरला गेला होता. अशी वाटी घासून पुसून चालविण्याचा मोह होतो. तसे करू नये. चारही बेअरिंगे नवी घातली, वंगण अडवणारे सील नवे बसविले, नवे ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या फटींत दाबून भरले. मग हब फिरवीत फिरवीत नट आवळावयाचा, हाताला अडखळ जाणवली की किंचित मागे घ्यावयाचा, आणि वॉशरचे पान वाकवून त्याला कुलूप घालावयाचे. नट सैल राहिला तर चाक लडबडते, फार आवळला तर बेअरिंग तापून जळते. मधली जागा पुस्तकात वाचून कळत नाही. वस्तादांनी माझा हात हबवर ठेवून ती मला दाखविली.

स्प्रिंगच्या पाट्यांपैकी उजवीकडचे एक पान मोडलेले होते. ते बदलले आणि पाट्यांना कण्याशी धरणारे बोल्टही नवे घातले. पेटीचा तळ पुढच्या कोपऱ्यात चाळणीसारखा झाला होता. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडला. जोड पाणी धरतो की नाही हे पाहण्यासाठी मुलगा पेटी काठोकाठ भरू लागला, तेव्हा मी त्याला थांबवून मोजदाद केली: पेटीत सुमारे 28 घनफूट पाणी मावते, म्हणजे साडेसतराशे पौंडांच्या आसपास वजन, विहित भाराच्या तिपटीहून जास्त. मळ्यात ती हौद म्हणून भरली जाई तेव्हा पाट्यांचे ते पान कसे मोडले असेल, याचा उलगडा मला तेथेच झाला. आम्ही चार बोटे पाणी घालून रात्रभर ठेवले. सकाळी खाली फरशी कोरडी होती.

आता कडे. त्याचा तपास आम्ही जुन्या पद्धतीने केला: लोखंड घासून लख्ख करावे, त्याला रॉकेल पाजावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्यावे आणि वरून खडूची पूड फासावी. धातू अखंड असेल तर खडू पांढरा राहतो. कोठे केसाएवढी भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि खडूवर ओली रेघ उमटते. आम्ही तिघे त्या कड्याकडे पाहत बसलो. पाच मिनिटांनी, कडे जेथे बुडख्याला मिळते तेथे, एक काळसर रेघ दिसू लागली आणि पाहता पाहता अर्ध्या बोटाएवढी लांब झाली. कुणीतरी पूर्वी तेथे वेल्डिंग करून वरून कानस मारली होती. ते काम दिसावयास सुबक होते. पण घडीव पोलाद ऐरणीवर ठोकून तयार होते, त्याचे बळ त्याच्या तंतूंत असते. त्यावर बिनहिशेबी वेल्डिंगची उष्णता दिली की शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढच्या प्रत्येक हिसक्याबरोबर भेग सरकत जाते. मूळ कडे वाचवावे असे मला फार वाटत होते, कारण त्याच्या आतल्या झिजेत युद्धापासूनची सारी वाटचाल होती. परंतु येथे जुनेपणाचा आदर आणि रस्त्यावरील माणसाचा जीव यांत निवड करावयाची होती. नवे घडीव कडे आणले, बोल्टांनी बसविले, खिळी घातली. जुने कडे माझ्या टेबलावर कागद दाबण्यासाठी आहे, आणि त्यावरचा खडू मी पुसलेला नाही.

दांडीच्या दोन बाजूंना दोन साखळ्या असतात, आणि त्या शोभेच्या नव्हेत. कडे आकड्यातून निसटलेच तर गाडी साखळ्यांवर यावी. आणि साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून अडकविल्या असतील तर खाली येणारे नाक त्यांच्या झोळीत पडते, जमिनीत रुतत नाही. साखळी इतकी लांब हवी की वळताना ओढ बसू नये, इतकी आखूड हवी की रस्त्याला घासू नये. आकड्याचा जबडा मिटल्यावर त्याच्या खटक्यात खीळ घालावयाची, आणि टेकूचा पाय वर उचलून पक्का अडकवावयाचा. या गाडीला चालत्या वेळचा ब्रेक नाही. जो आहे तो हाताचा, उभी केल्यावर ओढावयाचा. म्हणून जीपनेच आपल्यासकट तिलाही थोपवावयाचे असते, आणि जीपचे ब्रेक तपासून घेणे हा ट्रेलरच्याच दुरुस्तीचा भाग ठरतो. मागचे युद्धकालीन दिवे काळोखातील काफिल्यासाठी बनविलेले होते: त्यांच्या चिरांतून येणारा प्रकाश दुरून एक ठिपका दिसे, अंतर कमी झाले की दोन, अगदी जवळ आल्यावर चार, आणि त्यावरून मागचा चालक आपले अंतर राखी. ही युक्ती मला इतकी आवडली की ते दिवे जागेवरच ठेवले. पण आजच्या रस्त्यासाठी त्यांच्या शेजारी थांब्याचे, वळणाचे आणि मागचे तांबडे दिवे नवे बसविले, परावर्तक लावले. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. तेव्हा नोंदणी व विमा हाही याच कामाचा भाग समजावयाचा. कार्यालयातील फेऱ्यांचा तपशील मी देत नाही. फक्त सांगतो की पाटीवरील अंक न खरवडता जपून ठेवले होते, त्याचा तेथे उपयोग झाला.

रंग सर्वांत शेवटी दिला. आतील एका कोपऱ्यात वीतभर जागा मात्र मी तशीच सोडली आहे, जेथे निळा, काव, गडद हिरवा आणि शेवाळी हे चारही थर एकाखाली एक दिसतात.

पहिल्या खेपेला भार कसा ठेवावयाचा हे मळ्याच्या मालकांनीच शिकविले. गाडी ओढून पाहण्यासाठी मी धान्याची चार पोती मागे टाकली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘उलाळ होईल ती.’’ बैलगाडीत मागे भार जास्त झाला की जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ट्रेलरमध्ये कडे आकड्यात वर उचलू पाहते, आणि वेग वाढला की मागचे अंग साप वळवळावा तसे दोन्ही बाजूंना झुलू लागते. पुढे फार भार टाकला तर जीपचे मागचे अंग दबून पुढची चाके हलकी होतात. भार कण्याच्या किंचित पुढे हवा. दांडी हाताने उचलताना जड लागावी पण उचलता यावी. त्यांनी पोती स्वतः सरकविली, दांडी उचलून पाहिली, पुन्हा एक पोते वीतभर पुढे घेतले.

मग आम्ही निघालो. मित्राची जीप, मी चालकाशेजारी, वस्ताद मागे ट्रेलरकडे तोंड करून बसलेले. तासाला चाळीस किलोमीटरांच्या वर जावयाचे नाही असे ठरलेले होते. पाचेक मैलांवर लिंबाच्या झाडाखाली थांबलो, हातब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. वस्ताद खाली उतरले, साखळ्या आणि खीळ पाहिली, चड्डीला हात पुसला आणि तळवा डाव्या हबवर ठेवून उभे राहिले. मग फेरी घालून उजव्या हबवर. नंतर त्यांनी मुलाला बोलावले आणि त्याचा हातही तसाच, आधी डावीकडे, मग उजवीकडे, ठेवला. दोन्ही हब सारखेच कोमट होते.